वीरगळाचा मधला टप्पा

बेंगळुरू हे नाव ज्या दगडावर सर्वांत आधी कोरलेलं सापडतं, तो दगड एका मरणाची नोंद आहे. शहराच्या दक्षिणेला बेगूर नावाचं जुनं गाव आहे. वाढत्या शहराने ते केव्हाच पोटात घेतलं. तिथल्या देवळात इ. स. ८९०च्या सुमाराचा कन्नड शिलालेख आहे. गंग राजांचा नागत्तर नावाचा अधिकारी होता, त्याच्या पदरचा एक माणूस बेंगळूरच्या लढाईत पडला, एवढंच तो लेख सांगतो. लढाई कुणाकुणात झाली, कशापायी झाली, याबद्दल अक्षर नाही. त्यानंतर हजार वर्षांनी, १९१२ साली, याच शहरातल्या मद्रास सॅपर्स पलटणीतल्या मॅक्लिंटॉक नावाच्या कप्तानाने काटेरी तारेच्या कुंपणाखाली सरकवून उडवायची एक लांब, जोडनळ्यांची स्फोटक पहार बनवली. जगभरच्या सैन्यांत तिला आजही 'बंगलोर टॉर्पेडो' म्हणतात. १९४४च्या जूनमध्ये नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर तारा फोडायला तीच वापरली गेली.

या पुस्तकाचं काम बेंगळुरूत बसून झालं, म्हणून सुरुवात इथून करतो. पण बेगूरची आठवण काढायला आणखी एक कारण आहे. तिथलाच एक मोठा वीरगळ आता कस्तुरबा रस्त्यावरच्या सरकारी संग्रहालयात आहे. नागत्तर लढता लढता मेला. राजाने त्याचा पट्ट इरुग नावाच्या माणसाला बांधला आणि गावं दिली, असा त्यावरचा लेख. महाराष्ट्रातल्या वाचकाला वीरगळ नवा नाही. गावाच्या वेशीवर, देवळाच्या मागे, शेंदूर फासलेले किंवा चिंचेखाली आडवे पडलेले असे दगड आपण लहानपणापासून पाहतो. बोरिवलीजवळ एक्सरला तर समुद्रावरची लढाई कोरलेले वीरगळ आहेत. बहुतेकांची रचना ठरलेली असते. खालच्या टप्प्यात लढाई आणि मरण. मधल्या टप्प्यात त्या मेलेल्या माणसाला अप्सरा उचलून वर नेत आहेत. वरच्या टप्प्यात तो शिवलिंगापुढे हात जोडून बसला आहे, आणि कडेला चंद्रसूर्य.

या दगडांपुढे उभं राहून माझं एक मत हळूहळू पक्कं झालं, आणि हे पुस्तक त्याच मताभोवती उभं आहे. युद्धाचं गौरवगान वीरगळाचे तिन्ही टप्पे कोरतं. युद्धविरोधी कविता मधला टप्पा कोरायला नकार देते. खालचा माणूस आणि वरचा माणूस एकच आहे. त्या दोघांमध्ये अप्सरा घातल्या की मरण सुसह्य होतं, अर्थपूर्ण वाटतं. अप्सरा काढल्या की उरतं ते एकच शरीर, दोन अवस्थांमध्ये. त्या दोन अवस्था शेजारी ठेवायच्या आणि मध्ये काहीही भरायचं नाही, हे या कवितेचं मूळ तंत्र आहे. प्रतिमा आणि विरोध असे दोन शब्द आपण वेगवेगळे वापरतो. चांगल्या युद्धविरोधी कवितेत ते वेगळे करता येत नाहीत, कारण विरोध प्रतिमेच्या आतच असतो.

याचा सर्वांत जुना आणि आपल्या घरचा नमुना महाराष्ट्री प्राकृतातल्या गाथासप्तशतीत आहे. गावच्या पाटलाच्या मुलाची छाती जखमांच्या वणांनी उंचसखल झाली आहे. तिच्यावर डोकं ठेवून झोपणाऱ्या त्याच्या बायकोला नीट झोप लागत नाही, आणि सगळं गाव मात्र त्याच छातीच्या भरवशावर निवांत झोपलेलं आहे. दोन ओळींत एवढं सगळं. ही गाथा युद्धाचा निषेध करते असं मी म्हणणार नाही; तिच्यात शूराचं कौतुकही आहेच. पण शौर्याची किंमत कुणाच्या गालाला टोचते, हे दाखवायला तिला तलवारीची किंवा रक्ताची गरज पडली नाही. एक छाती आणि दोन झोपा पुरल्या.

महाभारतातल्या स्त्रीपर्वात हेच तंत्र भयंकर होतं. युद्ध संपलं आहे, गांधारी दिव्यदृष्टीने रणभूमी पाहते आहे आणि कृष्णाला एकेक देह दाखवते आहे. भूरिश्रव्याचा हात अर्जुनाने तोडला होता. त्याची बायको तो तुटलेला हात मांडीवर घेऊन बसली आहे आणि या हाताने आपल्याला कसकसा स्पर्श केला होता, ते आठवते आहे. शृंगाराचं वर्णन, आणि समोर तुटलेला हात. आनंदवर्धनाने 'ध्वन्यालोका'त नेमकं हेच उदाहरण घेतलं. विरोधी रस एकमेकांशेजारी आले तर रसभंग होतो, असा साधारण नियम. पण शृंगार करुणाच्या सेवेला आला तर शोक उलट वाढतो, असं त्याने दाखवलं. आनंदवर्धन नवव्या शतकातला, म्हणजे बेगूरचे दगड कोरले जात होते त्याच शतकातला, काश्मीरचा. अख्ख्या महाभारताचा मुख्य रस वीर नसून शांत आहे, हेही त्यानेच म्हटलं. युद्धविरोधी कवितेच्या चर्चेत आपण पहिल्या महायुद्धातल्या इंग्रज कवींपासून सुरुवात करतो, त्याआधी हा माणूस एकदा वाचायला हवा.

होमरकडेही हे आहे. बाहेर हेक्टर मरून पडला आहे आणि आत त्याची बायको अँड्रोमाकी तो लढाईवरून आल्यावर त्याला न्हाण्यासाठी पाणी तापवायला सांगते आहे. सिमोन व्हेल या फ्रेंच लेखिकेने १९४०च्या सुमारास, तिचा देश पराभूत होत असताना, इलियडवर जो निबंध लिहिला त्यात या तापलेल्या पाण्यापाशी ती थांबली. तिथे थांबणं साहजिकच होतं.

कन्नडात शिरल्यावर मला सापडलेला सर्वांत मोठा ऐवज म्हणजे रन्नाचं 'गदायुद्ध'. रन्न मुधोळचा. पुढे घोरपड्यांचं संस्थान झालं ते हेच मुधोळ, म्हणून मराठी वाचकाला गाव परकं नाही. दहाव्या शतकाच्या अखेरीला चालुक्य राजाच्या आश्रयाने लिहिलेलं हे दरबारी काव्य; भीमाच्या पराक्रमात राजाचा पराक्रम पाहणारं. म्हणजे हेतूने ते युद्धविरोधी मुळीच नाही. तरी त्यात एक भाग असा आहे की राजा, दरबार, प्रशस्ती सगळं मागे पडतं. सगळं सैन्य संपल्यावर दुर्योधन संजयाचा हात धरून शरपंजरी भीष्माकडे निघाला आहे, आणि वाट प्रेतांतून जाते. द्रोण दिसतो. मग अभिमन्यू, शत्रूचा पोर; त्याच्यापाशी दुर्योधन थांबतो आणि त्याच्या शौर्याला मनापासून हात जोडतो. मग स्वतःचा मुलगा लक्ष्मण. मग दुःशासन. मग कर्ण. प्रत्येक प्रेतापाशी दुर्योधनाचं एक नातं जागं होतं: शिष्याचं, बापाचं, भावाचं, मित्राचं. ज्याच्या हट्टाने हे युद्ध झालं, तोच एकेका मुडद्यापुढे माणूस होत जातो. बेंगळुरूतल्या माझ्या एका कन्नड स्नेह्याने हा भाग मला पहिल्यांदा वाचून दाखवला, तेव्हा जुन्या कन्नडातले निम्मे शब्द मला कळले नव्हते. तरी त्या चालण्याची लय कळली होती. कुवेंपूंचं 'स्मशान कुरुक्षेत्रम्' हे नाटक, धर्मवीर भारतींचं 'अंधा युग', ही सगळी विसाव्या शतकातली माणसं युद्ध संपल्यानंतरच्याच कुरुक्षेत्रावर का गेली, याचं उत्तर मला रन्नापाशी मिळालं. लढाई चालू असताना नजर तलवारीवर असते. ती थांबल्यावरच चेहरे दिसतात.

मराठीत काय होतं? आपल्याकडे पोवाडा होता, आणि तो फार ताकदीचा होता. अगिनदासाने अफझलखानाच्या वधाचा पोवाडा रचला, तुळशीदासाने सिंहगडाचा. ही वीरगळाची शब्दांतली भावंडं, मधल्या टप्प्यासकट. पण मराठीतली युद्धाची सर्वांत बोलकी प्रतिमा मला कुठल्या पोवाड्यात दिसत नाही. ती एका सावकारी निरोपात आहे. १४ जानेवारी १७६१ला पानिपत झालं, आणि नानासाहेब पेशव्यांपर्यंत जी बातमी पोचली ती हिशेबाच्या भाषेत होती: मोत्ये गळाल्याची, मोहरा हरवल्याची, आणि रुपये-खुर्दा किती गेला त्याची गणतीच नसल्याची. मोत्ये म्हणजे विश्वासराव आणि सदाशिवरावभाऊ. मोहरा म्हणजे सरदार. आणि खुर्दा?

तो शब्द मला सोडत नाही. गुप्ततेसाठी योजलेली ही प्रतिमा नकळत सगळं सांगून जाते. मेलेल्यांतही नाणी होती, आणि ज्यांची मोजदाद कुणी केली नाही ते तांब्याचे होते. दीडशे वर्षांनी फ्रान्सच्या खंदकांतून हिंदी शिपायांनी घरी पाठवलेली पत्रं इंग्रज सेन्सॉरच्या हाती लागली, आणि त्यांतल्या काहींत मिरीचा हिशेब होता. काळी मिरी संपत आली, तांबडी मात्र राखून वापरली जाते आहे. काळी म्हणजे आपले शिपाई, तांबडी म्हणजे गोरे. पुन्हा व्यापाराची भाषा, पुन्हा किराणा-सराफा, पुन्हा प्रतिमेच्या आड लपलेली माणसं. फरक एवढाच, की पानिपतचा निरोप वरून लिहिलेला होता आणि मिरीचं पत्र स्वतः मिरीनेच लिहिलं होतं. मराठीत युद्धविरोधी कवितेचा इतिहास लिहायचा तर खुर्द्याने बोलायला केव्हा सुरुवात केली, तिथून तो लिहावा लागेल असं मला वाटतं.

सातारा जिल्ह्यातलं अपशिंगे, ज्याला सगळे मिलिटरी अपशिंगे म्हणतात, त्या एका गावाचे ४६ जवान पहिल्या महायुद्धात गेले. ओवेन, ससून, रोझेनबर्ग या इंग्रज कवींनी ज्या चिखलावर लिहिलं त्याच युद्धाचा हा हिशेब. या बाजूने लिहिलेली कविता छापील मराठीत जवळपास नाही. इंग्रजी खंदककवितेबद्दल मात्र आपण शाळा-कॉलेजात पुष्कळ शिकतो, आणि शिकावंच. विल्फ्रेड ओवेन ४ नोव्हेंबर १९१८ला मारला गेला. त्याच्या मृत्यूची तार आईला मिळाली ती ११ नोव्हेंबरला, युद्धबंदीच्या घंटा वाजत असताना. त्याच्या वहीत टागोरांच्या 'गीतांजली'तल्या ओळी उतरवलेल्या होत्या; आईने पुढे ते टागोरांना पत्राने कळवलं. ओवेनच्या कवितेत विरोध असतो तो लॅटिन सुभाषित आणि गॅसने फुटलेलं फुप्फुस यांच्यात. त्याचं सामर्थ्य मान्य करूनही मला आयझॅक रोझेनबर्ग जवळचा वाटतो. त्याच्या १९१६च्या एका कवितेत पहाटे खंदकात एक उंदीर येतो. तो इंग्रज हाताला शिवतो आणि मग मधली पडीक जमीन ओलांडून जर्मन हाताला शिवायला जाईल. सीमा न मानणारा एवढा एकच जीव तिथे उरला आहे.

आणि त्या उंदराचा धागा मला मर्ढेकरांकडे नेतो. 'काही कविता' १९४७ची. दुसरं महायुद्ध संपलं होतं, मर्ढेकर आकाशवाणीत नोकरी करत होते, जगभरच्या बातम्या कानांवरून जात होत्या. त्यांच्या पिंपातल्या मेलेल्या उंदरांनी मराठी कविता हादरली. त्यांची अनेक वाचनं झाली आणि होत राहतील. यंत्रयुगातल्या माणसाची घुसमट हे रूढ वाचन. माझ्यापुरतं सांगतो: रोझेनबर्गचा उंदीर दोन खंदकांमध्ये फिरायला मोकळा होता, मर्ढेकरांच्या उंदरांना पिंपाबाहेर जागाच नाही. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात जगाचं काय झालं, ते या दोन उंदरांमधल्या अंतरावर मोजता येतं. मर्ढेकरांनी रोझेनबर्ग वाचला होता, असं मला मुळीच सुचवायचं नाही. प्रतिमा अशा वाटेने प्रवास करत नाहीत.

मर्ढेकरांच्या आधी कवी अनिलांनी १९४३ साली 'निर्वासित चिनी मुलास' हे मुक्तछंदातलं दीर्घकाव्य प्रसिद्ध केलं. मराठी कवी चीनमधल्या युद्धात बेघर झालेल्या पोराशी बोलतो आहे, ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती. याच युद्धाशी सोलापूरच्या दोन माणसांचा संबंध आला. डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ला वैद्यकीय पथकातून चीनला गेले, जखमींवर शस्त्रक्रिया करत राहिले आणि ९ डिसेंबर १९४२ला तिथेच वारले. दुसरे वालचंद हिराचंद. त्यांनी म्हैसूर संस्थानाच्या साथीने १९४०च्या डिसेंबरात बेंगळुरूला विमानांचा कारखाना उभा केला. महायुद्धात त्या कारखान्यात अमेरिकी विमानं दुरुस्त होत. मी हे दोघे शेजारी ठेवले ते एकाला चांगलं आणि दुसऱ्याला वाईट म्हणायला नव्हे. जपान्यांशी लढायला ती विमानंही लागत होती. युद्ध आपल्यापुढे विरोध ठेवतं ते असे, सहज निवाडा न होणारे, आणि जी कविता हे विसरते ती घोषणा होते.

इथे मला या परंपरेच्या कमकुवत बाजूबद्दल बोललं पाहिजे. बंदुकीच्या नळीत फूल, रणगाड्यापुढे बाळ, रक्ताने माखलेली बाहुली: या प्रतिमा एकेकाळी कुणीतरी डोळ्यांनी पाहून लिहिल्या होत्या. आज त्या तयार मिळतात. त्यांच्यातला विरोध दोन वेगवेगळ्या वस्तूंमधला आहे आणि त्या वस्तूंची बाजू आधीच ठरलेली आहे, म्हणून वाचकाला काही करावं लागत नाही. भूरिश्रव्याच्या हाताची गोष्ट वेगळी. तोच हात, तीच छाती, तेच न्हाणीचं पाणी. जिच्यात विरोध एकाच वस्तूच्या पोटात आहे ती प्रतिमा जुनी होत नाही. शिवाय प्रतिमेला स्वतःची बाजू नसते, हेही ध्यानात ठेवायला हवं. खंदकांकाठची लाल पॉपीची फुलं रोझेनबर्गने कानामागे खोचली आणि त्यांची मुळं माणसांच्या शिरांत असल्याचं ओळखलं. जॉन मॅक्रेने तीच फुलं १९१५ला मेलेल्यांच्या तोंडून लढाई पुढे चालवण्याचं आवाहन करायला वापरली. फूल एकच.

दुसऱ्या महायुद्धानंतरची जागतिक कविता यातून बरंच शिकली. हिरोशिमाच्या कुरिहारा सादाकोने बॉम्बनंतरच्या रात्री एका तळघरात बाळंत होणारी बाई आणि तिला सोडवणारी, स्वतः जबर जखमी असलेली सुईण यांच्यावर कविता लिहिली. ब्रेख्तने वर्तमानपत्रांतल्या युद्धाच्या फोटोंखाली चार-चार ओळी लिहून फोटोलाच उलटं वाचायला लावलं. पोलंडच्या शिंबोर्स्काने युद्धानंतर राडा कोण उपसतं, असा झाडू-फावड्याचा प्रश्न विचारला. साहिरची 'परछाइयाँ' प्रेमिकांच्या भेटीवर युद्धाची सावली पाडते. आणि मराठीत अरुण कोलटकरांनी 'भिजकी वही'त व्हिएतनाममधल्या किमला जागा दिली. ८ जून १९७२च्या त्या फोटोतली, नापामने भाजून उघडीच धावणारी मुलगी. कोलटकरांनी तिला हेलेनिक, अरबी, तमिळ अशा जगभरच्या रडणाऱ्या बायांच्या रांगेत उभं केलं, आणि सर्पसत्राची कथाही त्याच वहीत आणली. गांधारीच्या स्त्रीपर्वापासून निघालेला रस्ता तिथे पोचतो, असं मला वाटतं.

मराठी माणसाने कर्नाटकात राहून हे सगळं वाचावं, याचा एक वेगळा फायदा आहे. शहाजीराजांची जहागीर बेंगळुरूत होती. मल्लेश्वरमच्या काडु मल्लेश्वर देवळात एकोजीराजांचा १६६९चा लेख आहे. हा इतिहास आम्ही इथले मराठी अभिमानाने सांगतो. पण १७९१ साली परशुरामभाऊ पटवर्धनांच्या सैन्याबरोबरच्या पेंढाऱ्यांनी शृंगेरीचा मठ लुटला, हेही इथल्या शेजाऱ्यांच्या आठवणीत आहे. आपला पोवाडा दुसऱ्याच्या ओसरीवर बसून ऐकला की त्यातले काही शब्द वेगळे वाजतात. मला ते ऐकू यायला बरीच वर्षं लागली.

आज या विषयाची निकड कुणाला वेगळी सांगायला नको. २०२२पासून युक्रेन, २०२३पासून गाझा, आणि मे २०२५मधले आपल्याच सीमेवरचे ते चार दिवस. त्या चार दिवसांत फोनवर जे काही आलं त्यात वीरगळाचा मधला टप्पा भरभरून होता. गाझाचे कवी रिफात अलअरीर ६ डिसेंबर २०२३ला हवाई हल्ल्यात मारले गेले. त्यांच्या कवितेतला पांढरा पतंग कितीतरी भाषांत उडाला. आकाशातून बॉम्ब येतात तिथेच पतंग. पुन्हा एकच वस्तू: आकाश. आणि आपण युद्ध पाहतो ते बहुतेक त्या आकाशातूनच, ड्रोनच्या कॅमेऱ्याने, करड्या रंगात. वरून पाहिलं की घर म्हणजे चौकोन आणि माणूस म्हणजे ठिपका. या शहरात विमानं बांधली जातात, उपग्रह तयार होतात. ती बांधणारे हात आणि संध्याकाळी कविता वाचणारे हात बऱ्याचदा एकाच माणसाचे असतात. या पुस्तकाच्या बैठकांना आलेल्यांतले निम्मे असेच होते. त्यांच्याशी झालेल्या वादांमुळे अनेक लेख मला पुन्हा लिहावे लागले, आणि ते चांगले झाले.

पुस्तक युद्धविरोधी कवितेचा कोश नाही. काळानुसार रांगही लावलेली नाही. प्रत्येक विभागाच्या मध्यभागी एक वस्तू आहे: हात, पाणी, उंदीर, नाणं, धान्य, आकाश. त्या वस्तूभोवती वेगवेगळ्या काळांतल्या आणि भाषांतल्या कविता जमवल्या आहेत. कन्नड कवितांचे अनुवाद मुळावरून केले. इतर भाषांच्या बाबतीत इंग्रजीचा आधार घ्यावा लागला आणि तसं तिथे सांगितलं आहे. अनुवाद करताना सर्वांत जास्त त्रास जोडशब्दांनी दिला. दोन चित्रांमध्ये मूळ कवीने काही ठेवलेलं नसताना मराठी वाक्य तिथे 'पण', 'मात्र', 'तरीही' मागायला लागतं. एका कवितेतून तो 'पण' काढून टाकायला आम्हाला तीन बैठका लागल्या. आवाजात लय राहावी म्हणून कुणीतरी तो परत आणायचं, आणि आम्ही परत काढायचो.

पहिल्या पानावर कविता नाही. तिथे बेगूरच्या त्या लेखाचा मराठी अर्थ दिला आहे, जेमतेम दोन ओळींचा. वाचक बेंगळुरूचा असेल तर बेगूर फार लांब नाही. देवळाच्या आवारात दगड उभा आहे, अक्षरं झिजली आहेत, सकाळच्या तिरप्या उन्हात ती जास्त स्पष्ट दिसतात.